पिशवीतलं सफरचंद आणि सोलापूरचा एप्रिल

एप्रिलमध्ये माझ्या दुकानात कुणी "हे सफरचंद कधी तोडलंय?" असं विचारलं, तर मी खरं तेच सांगते. काश्मीरचं असेल तर मागच्या सप्टेंबर-ऑक्टोबरमधलं. बहुतेकांचा हात तिथंच थांबतो. परवा एक काका हातातलं फळ परत ठेवत म्हणाले, "काय ओ वहिनी, सात महिन्यांचा माल विकताय आणि वर तोंडानं सांगताय!" मी त्याच ढिगातलं एक कापून त्यांना दिलं. ते कराकरा चावत होते आणि तरीही भांडत होते.

विजापूर रोडला आमचं फळांचं दुकान आहे. पहाटे मार्केट यार्डात नवरा जातो, दुकान मी बघते. बीएस्सीला माझा विषय रसायनशास्त्र होता. त्याचा संसारात काय उपयोग, असं सासूबाई विचारायच्या. फळं विकायला उपयोग होतो, हे त्यांना आता पटलंय. म्हणून हे एकदा नीट लिहून काढते, म्हणजे दर गिऱ्हाइकामागे तोंड दुखवायला नको.

झाडावरून काढलेलं सफरचंद मेलेलं नसतं. ते श्वास घेतं. ऑक्सिजन आत घेतं, स्वतःतली साखर आणि आम्ल थोडंथोडं जाळतं, कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि उष्णता बाहेर टाकतं. पिकायला लागलं की इथिलीन वायू सोडतं आणि त्या इथिलीननं स्वतः आणखी पिकतं, शेजाऱ्यालाही पिकवतं. आधी पिष्टाची साखर होते, मग गर सैल पडतो, शेवटी पिठूळ. हा सगळा प्रवास थांबवता येत नाही, पण त्याचा वेग पाडता येतो. त्याचे दोन मार्ग: थंडी, आणि ऑक्सिजन कमी करणं. इथिलीन तयार करायलासुद्धा फळाला ऑक्सिजन लागतो, त्यामुळे ऑक्सिजन आवळला की एका दगडात दोन पक्षी.

माझी आजी रात्री चुलीतला विस्तव राखेखाली झाकून ठेवायची. विझू द्यायची नाही, भडकू द्यायची नाही, पहाटे फुंकणीनं पुन्हा जागा करायची. कमी ऑक्सिजनमधली साठवण म्हणजे नेमकं हेच.

ही कल्पना काल-परवाची नाही. बेरार नावाच्या फ्रेंच संशोधकानं १८२१ मध्येच दाखवलं होतं की ऑक्सिजन काढून घेतला तर फळ पिकत नाही. पुढे शंभर वर्षं त्याचं व्यापारात कुणी फारसं काही केलं नाही. मग १९२० च्या दशकात केंब्रिजला फ्रँकलिन किड आणि सिरिल वेस्ट या दोघांनी सफरचंदांवर पद्धतशीर प्रयोग केले आणि १९२९ मध्ये इंग्लंडमधल्या केंट परगण्यात व्यापारी वापराची पहिली 'गॅसची' खोली सुरू झाली. आज काश्मीरमध्ये पुलवाम्याजवळ लासीपोऱ्याला अशा खोल्यांची रांगच आहे. यार्डात 'सीएचा माल' (सीए म्हणजे कंट्रोल्ड ॲटमॉस्फिअर, आतली हवा ताब्यात ठेवलेली खोली) म्हणतात तो तिथला. फेब्रुवारी-मार्चपासून खोल्या उघडायला लागतात, आणि ट्रक खाली उतरतात.

त्या खोलीत काय असतं? आपल्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो. तिथं तो १ ते ३ टक्क्यांवर आणलेला असतो, बाकी जवळपास सगळा नायट्रोजन. तापमान शून्याच्या आसपास, आर्द्रता ९० ते ९५ टक्के. कार्बन डायऑक्साइड फार साठू नये म्हणून तो शोषून काढणारी यंत्रणा. दार हवाबंद आणि कुलूपबंद, कारण आत पाऊल टाकणारा माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडेल. लोकांना वाटतं आत फळांवर काहीतरी 'मारत' असतील. खरं म्हणजे आत काही घातलेलं नसतं, उलट काढून घेतलेलं असतं. (फळाची इथिलीन ओळखण्याची क्षमताच काही काळ बंद करणारा १-एमसीपी नावाचा वायूही काही ठिकाणी वापरतात. तो वेगळा प्रकार. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाच्या विद्यापीठातल्या सिस्लर आणि ब्लँकनशिप यांनी तो शोधला. त्याच्याबद्दल पुन्हा कधीतरी.)

आता पिशवी. मला खरं लिहायचंय ते हिच्याबद्दल, कारण खोली सोलापुरात बसून कुणी बांधत नाही, पण पिशवी कुणालाही आणता येते. आणि गेली काही वर्षं यार्डात, डाळिंबवाल्यांत, अगदी माझ्या गिऱ्हाइकांतसुद्धा 'ती हवेची पिशवी' हा विषय निघतो.

खोलीतली हवा यंत्रं सांभाळतात. पिशवीतली हवा फळ स्वतःच बदलतं. पॉलिथिनच्या पातळ पिशवीत सफरचंदं भरून तोंड बंद केलं की ती आतला ऑक्सिजन वापरत जातात, कार्बन डायऑक्साइड वाढत जातो. पण पॉलिथिन म्हणजे काच नव्हे, त्यातून वायू हळूहळू आरपार जातात. आत ऑक्सिजन जितका कमी, तितका बाहेरचा जास्त आत ढकलला जातो. एका ठिकाणी दोन्ही बाजू जुळतात: फळ जेवढा खातं तेवढाच पिशवीतून आत येतो. तिथं हवा स्थिर होते. घाई असेल तर भरतानाच नायट्रोजन सोडून ऑक्सिजन खाली आणतात, नाहीतर फळाला आपल्या गतीनं करू देतात.

यातली गंमत मला फार आवडते, म्हणून जरा आकडेमोड. साध्या पॉलिथिनमधून कार्बन डायऑक्साइड ऑक्सिजनपेक्षा तीन ते पाच पट सहज जातो. समजा पिशवीत ऑक्सिजन २१ वरून ५ टक्क्यांवर येऊन थांबला, म्हणजे १६ नं उतरला. फळ जितका ऑक्सिजन घेतं साधारण तितकाच कार्बन डायऑक्साइड सोडतं. पण तो चार पट सहज बाहेर जात असेल तर आत १६ भागिले ४, म्हणजे ४ टक्केच साठेल. आता याच पिशवीला बारीक सुयांची भोकं पाडा. भोकातून दोन्ही वायू जवळजवळ सारख्याच सोयीनं ये-जा करतात. मग ऑक्सिजन ५ वर आला तर कार्बन डायऑक्साइड १६ च्या आसपास! स्ट्रॉबेरीला एवढा चालतो, उलट बुरशी दबते म्हणून बरा. सफरचंदाचा मात्र त्यानं आतून बट्ट्याबोळ होतो.

म्हणजे दिसायला दोन्ही पारदर्शक पिशव्याच, पण एक सफरचंदाची आणि एक नाही. त्यातही सगळी सफरचंदं एका माळेचे मणी नव्हेत. गोल्डन डेलिशियस ४ टक्के कार्बन डायऑक्साइड बऱ्यापैकी सोसतं, शिवाय त्याच्या सालीवर मेण कमी म्हणून ते लवकर सुरकुततं, त्याला पिशवीचा ओलावाही मानवतो. फ्युजीला एखादा टक्कासुद्धा जाच होतो. वरून लालबुंद, चकचकीत, आणि कापलं की गाभ्याशेजारी तपकिरी डाग, काही वेळा पोकळ्या. गिऱ्हाईक मला म्हणतं, "किडकं दिलंत." किडा नसतो, श्वास कोंडलेला असतो.

आपल्याकडे पिशवी म्हटलं की द्राक्षवाल्यांना लगेच त्यांची पेटी आठवते. माझा दीर द्राक्षं पाठवतो, त्याचं म्हणणं, "आम्ही तर कधीपासून पिशवीत घालतोय की." पण द्राक्षाच्या पेटीतला प्लास्टिकचा लायनर ओलावा धरण्यासाठी आणि ग्रेप गार्डच्या कागदातून सुटणारा सल्फर डायऑक्साइड आत टिकवण्यासाठी असतो. तो वायू बुरशी रोखण्यासाठी. तिथं ऑक्सिजनचा हिशेब कुणी करत नाही. डाळिंबाचं आणखी निराळं. केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आपल्या उशाशी आहे, त्यामुळे इथला शेतकरी या बाबतीत माझ्यापेक्षा हुशार. तरी सांगते: डाळिंब तोडल्यावर सफरचंदासारखं पिकत जात नाही, त्याचा मुख्य शत्रू साल वाळणं आणि बुरशी हे आहेत, आणि त्याला शून्याची थंडी सोसत नाही, पाच-सात अंशांच्या आसपास ठेवावं लागतं. सफरचंदाच्या मापानं बनवलेली पिशवी डाळिंबाला घालून "चालेल की" म्हणणारे भेटतात. पिशवी फळाच्या श्वासाच्या मापानं शिवलेली असते. किती किलो भरायचं, प्लास्टिक किती जाड, किती अंशावर ठेवायचं, हे तिन्ही ठरलेलं असतं. त्यातलं एक बदललं की सगळं फिसकटलं.

आणि आपल्या गावात जे बदलतं ते म्हणजे तिसरं.

तापमान १० अंशांनी वाढलं की फळाचा श्वास साधारण दोन ते तीन पट होतो. १ अंशावर जुळलेली पिशवी २१ अंशांत आली तर फळाची ऑक्सिजनची भूक चार ते नऊ पट. आणि एप्रिलच्या पहाटेलासुद्धा सोलापूर २१ च्या वरच असतं, दुपारचं तर बोलायलाच नको. प्लास्टिकही गरम झालं की थोडी जास्त हवा आत सोडतं, पण फळाच्या भुकेपुढे ते मागंच पडतं. मग आतला ऑक्सिजन संपत येतो. १ टक्क्याच्या खाली गेला की फळ ऑक्सिजनशिवाय साखर फोडायला लागतं, आणि त्यातून अल्कोहोल आणि ॲसिटाल्डिहाइड तयार होतं. वरून श्वासाची उष्णता आतच कोंडते, त्यामुळे आणखी वेग. उघड्या पेटीतलं सफरचंद उन्हाळ्यात नुसतं मऊ पडतं. बंद पिशवीतलं सफरचंद आंबतं.

हे पुस्तकात वाचलेलं होतं, वास मात्र यार्डात घेतला. एका व्यापाऱ्यानं उत्तरेकडून पिशवीबंद माल मागवला होता. निघाला तेव्हा छान गार, रेफर गाडीत. वाटेत कुठंतरी डिझेल वाचवायला म्हणून गाडीचं कूलिंग बंद ठेवलं गेलं, असं नंतर कळलं. सकाळी यार्डात दार उघडलं, पेट्या खाली आल्या, वरून माल देखणा, रंग तसाच, दाबून बघितलं तर कडकसुद्धा. पहिली पिशवी फाडली आणि असा भपकारा आला की हमालांपैकी एक म्हणाला, "मालक, ही फळाची गाडी हाय की वाइन शॉपची?" नेलपॉलिश आणि ताडी यांच्या मधला वास. नवऱ्यानं मला फोन लावला, मी स्कूटर काढून गेले. खरं सांगायचं तर मदतीपेक्षा कुतूहल जास्त होतं.

तिथं आमचे चाचा होते. यार्डातले जुने बागवान, हाताची पाठ फळाला लावून माल सांगणारे. शाळा चौथीपर्यंत. मला बेटी म्हणतात आणि माझ्या रसायनशास्त्राची यथेच्छ टर उडवतात. त्यांनी एक फळ हुंगलं, कापलं, जिभेला लावलं आणि म्हणाले, "बेटी, पिशवीबरोबर बर्फ पाहिजे. थंडी नाही तर पिशवी फाड आणि मोकळं कर. बंद तोंड आणि गरम पोट, माल जाणारच." मी एवढं सगळं वर लिहिलं त्याचं सार त्यांनी तीन वाक्यांत सांगितलं होतं.

त्या मालाचं काय झालं, तर सगळा गेला नाही. ज्यांचा आतला गर पांढरा होता त्या पेट्यांच्या पिशव्या फाडून, माल पसरून, वारं लागू दिलं. अल्कोहोल थोडं उडून जातं, वास बराच उतरतो. तो माल पडेल भावात ज्यूसवाल्यांकडे गेला. ज्यांचा गर तपकिरी पडला होता त्यांचं काही होत नाही, तो डाग परत पांढरा होत नाही. भांडण मात्र बरेच दिवस चाललं. गाडीवाला म्हणाला पिशवी खराब, पिशवीवाला म्हणाला गाडी गरम. माझं मत विचारलं असतं तर मी गाडीकडं बोट दाखवलं असतं, पण बायकांना असल्या वेळी कोण विचारतं.

पिशवी वाईट, असं मला म्हणायचं नाही. जिथं बागेपासून दुकानापर्यंत थंडी तुटत नाही तिथं ती सोन्यासारखी. लहान बागायतदार, ज्याला कोट्यवधीची खोली परवडत नाही, त्याला साध्या कोल्ड स्टोरेजमध्ये पिशव्या ठेवून काही आठवड्यांचा अवधी मिळू शकतो. फ्रान्समध्ये १९६० च्या दशकात मोठ्या पिशव्यांना सिलिकॉनच्या पडद्याची खिडकी लावून सफरचंदं साठवायचे, कारण सिलिकॉन वायूंना वाट देण्यात पॉलिथिनच्या कितीतरी पुढं आहे. अशा युक्त्या पुष्कळ आहेत. माझी तक्रार एवढीच की जाहिरातीत ती थंडीच्या ऐवजी म्हणून विकली जाते. "कोल्ड स्टोरेजची गरज नाही!" असं लिहिलेलं एक पत्रक आमच्या दुकानात येऊन पडलं होतं. मी ते चाचांना वाचून दाखवलं. ते इतके हसले की चहा सांडला.

आणि थंडी असली तरी ती उतरवायची कशी, हाही प्रश्न आहेच. गार पिशवी थेट आपल्या उन्हात आली की आतून घाम फुटतो. थेंब फळावर, देठाच्या खळग्यात साचतात, आणि तिथं निळसर बुरशी धरते. आम्ही पिशवीबंद माल आला की आधी तोंड उघडतो आणि सावलीत तसाच राहू देतो. फळ कोरडं झाल्यावर मांडतो. दुकानात एक जुना काचेच्या दाराचा फ्रिज आहे, कोल्ड्रिंकवाल्यांचा सेकंडहँड. पिशव्या त्यात, आणि विकेल तेवढाच माल बाहेर टोपलीत. नवऱ्याला टोपली भरगच्च दिसायला हवी असते, मला अर्धी. हे भांडण मिटणारं नाही.

काळजीचे बाकीचे विषय पटकन उरकते. सालीवरचं मेण: सफरचंदाला स्वतःचं मेण असतंच, आणि वरून मधमाशीचं मेण, कार्नोबा किंवा लाख यांचा पातळ थर द्यायला आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात परवानगी आहे, तसं लिहिलेलं असलं पाहिजे एवढंच. नीट धुवा, चोळा, खा. चिकटवलेला चार आकडी क्रमांक: तो जात आणि आकार सांगतो, फळ कधी तोडलं ते सांगत नाही. व्हॉट्सॲपवर त्या आकड्यांवरून जे ज्ञान फिरतं त्यातलं निम्मं सोडून द्या.

एक नवीन खूळ आलंय त्याबद्दल मात्र लिहायलाच हवं. घरगुती व्हॅक्यूम मशीन. आमच्या एका नेहमीच्या ताईंनी ऑनलाइन मागवलं, डाळी-रवा-शेंगदाण्याला उत्तम, तिथं मी काही बोलणार नाही. पण त्यांनी उत्साहानं सफरचंदंही हवा ओढून सीलबंद केली आणि ओट्यावर ठेवली. "ऑक्सिजन कमी तर टिकतं, तुम्हीच म्हणाला होता ना!" म्हणाले होते खरं. पण कमी आणि नाही यांत फार फरक आहे. त्या मशीनची पिशवी जाड, मुद्दाम वायू न सोडणारी असते. अख्खं फळ श्वास कशानं घेणार? फुगलेल्या पिशव्या घेऊन त्या दुकानात आल्या तेव्हा मी एक फोडून त्यांच्या नाकाशी धरली. आता त्या मशीनमध्ये शेंगांची चटणी भरून पुण्याच्या लेकीला पाठवतात, तिथं ते शोभतं.

घरी काय करायचं? फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, मोठी भोकं असलेल्या साध्या पिशवीत (मघाची सुईची बारीक भोकं नव्हेत, हवा मोकळी खेळेल अशी). भोकं हवीतच, कारण घरच्या फ्रिजचं दार दिवसात शंभरदा उघडतं आणि बंद पिशवीचा हिशेब तिथं जमत नाही. पालेभाजी, गाजर सफरचंदाजवळ ठेवू नका. इथिलीननं पालेभाजी पिवळी पडते आणि गाजर कडू होतं. उलट चिकू कडक निघाले असतील तर त्यांच्या डब्यात एक सफरचंद खुशाल टाका. घेताना देठाजवळ दाबून बघा, आणि पिशवीबंद घेतलं तर दुकानातच तोंड उघडून हुंगा. दुकानदार रागावला तर रागावू दे.

मेच्या अखेरीपासून न्यूझीलंड, चिलीचा त्याच वर्षीचा माल यार्डात दिसायला लागतो, कारण तिकडे तोडणी फेब्रुवारीत सुरू होते. पण त्याचा दर ऐकून काका लोकांना पुन्हा काश्मीर गोड लागतं. तोवर माझ्याकडे सीएचाच माल आहे, कडक आहे, आणि दोन किलोच्या वर कुणी मागितलं तर मी आधी घरच्या फ्रिजमध्ये जागा आहे का ते विचारते.